काळा, निळा की पांढरा? जुन्या डिझेल पिकअपचा धूर नेमकं काय सांगतो?

आंब्याच्या हंगामात हापूसच्या पेट्या भरून रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालेली जुनी पिकअप आंबा घाट चढायला लागली, की मागून येणाऱ्याला गाडीआधी दिसतो तो तिचा धूर. गाडीमालकालाही आरशात तो दिसत असतो आणि मनात एकच धास्ती असते : इंजिनचं काम निघालं की काय?

ही धास्ती साहजिक आहे. इंजिन उघडायचं म्हणजे हजारोंचा खर्च, शिवाय ऐन हंगामात गाडी गॅरेजमध्ये उभी. पण धूर आला म्हणजे इंजिन गेलंच, असं नसतं. कधी काहीशे रुपयांचा फिल्टर बदलून काम भागतं. कधी मात्र जरासा दिसणारा पांढरा धूर अख्खं इंजिन घेऊन जातो.

मग फरक ओळखायचा कसा? धुराचा रंग ही पहिली खूण. पण धूर कधी येतो, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे.

(ही माहिती प्रामुख्याने बीएस-६ च्या आधीच्या, म्हणजे साधारण एप्रिल २०२० पूर्वीच्या डिझेल पिकअपबद्दल आहे. बीएस-६ गाड्यांमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असल्यामुळे त्यांची लक्षणं वेगळी दिसू शकतात.)

## आधी हे समजून घ्या : डिझेल पेटतं कसं?

पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग असतो. डिझेल इंजिनात तो नसतो. इथे पिस्टन हवेला साधारण १६ ते २२ पट दाबतो. त्यामुळे हवा ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्यात नोजलने फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं.

म्हणजे नीट जळण्यासाठी तीन गोष्टी लागतात : पुरेशी हवा, योग्य वेळी बारीक फवारलेलं डिझेल आणि पुरेशी उष्णता. हवा आणि डिझेलचं प्रमाण बिघडलं की काळा धूर येतो. उष्णता कमी पडली की पांढरा. आणि डिझेलसोबत इंजिन ऑइलही जळायला लागलं की निळा.

## काळा धूर : हवा कमी किंवा डिझेल जास्त

काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी. चढावर, भरलेल्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर थोडा काळा धूर येणं जुन्या गाडीत नवीन नाही. सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीतही तो येत राहिला, तर मात्र तपासणी हवी. ती स्वस्त गोष्टींपासून सुरू करा :

- एअर फिल्टर : शेतरस्त्यांवर, वीटभट्टीवर किंवा वाळूच्या कामावर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर लवकर चोंदतो. सगळ्यात आधी तोच काढून बघा.
- टर्बोचे पाइप : टर्बो असलेल्या गाडीत टर्बोपासून इंटरकूलरकडे आणि तिथून इंजिनकडे जाणारे रबरी पाइप असतात. ते फाटले किंवा क्लॅम्प ढिला झाला तर हवा वाटेतच निसटते. ओढ कमी होणं आणि रेस केल्यावर फुसफुस आवाज येणं, या त्याच्या खुणा.
- ईजीआर वॉल्व्ह : काही गाड्यांमध्ये थोडा धूर परत इंजिनात सोडणारा हा वॉल्व्ह असतो. तो काजळीने उघडाच अडकला, की ताज्या हवेची जागा धूर घेतो.
- नोजल आणि पंप : नोजल खराब झालं की डिझेल फवारण्याऐवजी ठिबकतं. ओढ वाढावी म्हणून पंपाचं सेटिंग वाढवून घेतलं असेल, तरी धूर वाढणारच.

काळा धूर सहसा इंजिन लगेच मारत नाही, पण डिझेलचा खर्च वाढवतो.

## निळा धूर : इंजिन ऑइल जळतंय

निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास म्हणजे ऑइल सिलिंडरपर्यंत पोहोचतंय. सगळ्यात आधी डिपस्टिक काढा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर भरलं असेल, तर तेवढ्यानेही निळा धूर येऊ शकतो. पातळी बरोबर असेल, तर धूर केव्हा येतो ते बघा :

- सकाळी स्टार्ट करताना एक लोट येतो आणि मग थांबतो : संशय वॉल्व्ह सीलवर. रात्रभर थोडं ऑइल झिरपून खाली साचतं आणि सकाळी जळतं.
- भार पडल्यावर सतत येतो, ऑइलही कमी होतं : पिस्टन रिंगा किंवा लायनर झिजले असण्याची शक्यता.
- बराच वेळ आयडलवर ठेवून रेस केल्यावर येतो : टर्बोच्या सीलमधून ऑइल येत असेल. इंटरकूलरचा पाइप काढल्यावर आत ऑइल साचलेलं दिसलं तर संशय बळावतो.

रिंगांचा अंदाज घ्यायला गॅरेजमध्ये एक सोपी तपासणी करतात. इंजिन आयडलवर असताना ऑइल भरण्याचं झाकण काढून ते उलटं करून तोंडावर ठेवतात. झाकण जोरात नाचू लागलं किंवा आतून धुराचे लोट आले, तर 'बॅक कॉम्प्रेशन' आहे असं म्हणतात. म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांना चुकवून खाली येतोय. पण यावरही लगेच इंजिन उघडू नका. ब्रीदरचा पाइप चोंदला असेल तर तो आधी साफ करा आणि गेज लावून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायला सांगा.

इथे एक मोठा धोका आहे. टर्बोचं सील पूर्ण गेलं, तर इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळत सुटू शकतं. रेस आपोआप वाढत जाते, धुराचे ढग येतात आणि चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही. अशा वेळी चालकाच्या सीटवर असाल तर ब्रेक घट्ट दाबा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच झटकन सोडून इंजिन बंद पाडा. ते जमलं नाही, तर गाडीपासून लांब व्हा. हवेच्या पाइपवर हात कधीही ठेवू नका.

## पांढरा धूर : वाफ, डिझेल की कूलंट?

पांढऱ्या धुरातच सगळ्यात जास्त गफलत होते, कारण तिन्ही गोष्टी दुरून सारख्याच दिसतात.

- साधी वाफ : थंडीत सकाळी निघते, हवेत लगेच विरते आणि इंजिन तापल्यावर बंद होते. काळजीचं कारण नाही.
- न जळलेलं डिझेल : डोळे चुरचुरतात, कच्च्या डिझेलचा वास येतो आणि इंजिन अडखळतं. हीटर प्लग, डिझेल पंपाचं टायमिंग, ठिबकणारं नोजल किंवा कमी कॉम्प्रेशन ही कारणं असू शकतात. डिझेलमध्ये पाणी असलं तरी असं होतं, म्हणून डिझेल फिल्टरखालचा नट ढिला करून साचलेलं पाणी आधी काढा.
- कूलंट : इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर चालूच राहतो, वास गोडसर असतो आणि बाहेर कुठेही गळती नसताना कूलंट कमी होतं. हेड गॅस्केट गेलेलं किंवा हेडला तडा गेलेला असू शकतो.

तिसरी शंका आली तर गाडी चालवू नका. कूलंट ऑइलमध्ये मिसळलं की डिपस्टिकवर ते दुधाच्या चहासारखं दिसतं आणि असं ऑइल बेअरिंगांना वाचवू शकत नाही. शिवाय पाणी दाबलं जात नाही. रात्रभरात सिलिंडरमध्ये कूलंट साचलं, तर सकाळी स्टार्टर मारताना कनेक्टिंग रॉडच वाकू शकतो. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी थेट अंगावर येतं.

## एका सिलिंडरचा दोष कसा शोधतात?

जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनात मेकॅनिक एकेका नोजलचा पाइप ढिला करून बघतात. ज्या सिलिंडरचं डिझेल तोडल्यावर धूर थांबतो, दोष तिथला. कॉमन रेल इंजिनात हे करू नका. तिथे पाइपमधला दाब १,००० बारच्याही वर जाऊ शकतो आणि डिझेलची बारीक धार कातडीत घुसून गंभीर इजा करते. तिथे तपासणी स्कॅनर लावूनच करायची.

## पीयूसी मिळालं म्हणजे इंजिन ठणठणीत?

नाही. डिझेल गाडीच्या पीयूसी चाचणीत न्यूट्रलमध्ये रेस करून धुराची दाटी मोजतात. बीएस-४ पूर्वीच्या गाड्यांसाठी ६५ हार्ट्रिज युनिट आणि बीएस-४ साठी ५० ही मर्यादा आहे. धूर दाट आहे की नाही एवढंच यातून कळतं. तो का येतोय, हे कळत नाही.

तरी चाचणी टाळू नका. प्रदूषणाचे नियम मोडल्यास मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडाहून मोठं कारण आरोग्याचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसांमध्ये कर्करोग घडवणारा असल्याचं जाहीर केलं. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून धूर तपासू नका.

## सेकंड हँड पिकअप घेताय?

गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला सांगून ठेवा, की तुम्ही येईपर्यंत ती स्टार्ट करू नये. पोहोचल्यावर बोनेटला हात लावा. ते गरम असेल, तर सकाळचा धूर तुम्हाला दिसणारच नाही. ऑइल नेहमीपेक्षा फार घट्ट वाटलं तरी सावध व्हा, कारण निळा धूर लपवण्यासाठी जाड ऑइल टाकलं जातं. शेवटी भार टाकून चढावर चालवून बघा.

## मेकॅनिककडे जाण्याआधी

आठवडाभर चार गोष्टी लिहून ठेवा :

१. धूर कधी येतो : थंड असताना, तापल्यावर, चढावर की आयडलवर?
२. वास कसा आहे : काजळीचा, तेलाचा, कच्च्या डिझेलचा की गोडसर?
३. किती किलोमीटरला किती ऑइल आणि कूलंट घालावं लागलं?
४. त्याआधी कोणतं काम झालं होतं किंवा डिझेल कुठून भरलं होतं?

'गाडी धूर मारतेय' एवढंच सांगितलं, तर मेकॅनिकला अंदाजाने इंजिन उघडावं लागतं. या चार उत्तरांमुळे त्याचा वेळ वाचतो आणि बऱ्याचदा तुमचे पैसेही. फक्त कूलंटची शंका असेल, तर आठवडाभर थांबू नका. त्याच दिवशी गाडी टोचन करून गॅरेजला न्या.