चाल कोणाची?

सिंधुदुर्गातल्या जत्रांमध्ये रात्रभर रंगणाऱ्या दशावतारी नाटकाला बहुधा लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेले असते, संवाद नट रंगमंचावरच रचतात आणि पायपेटी, मृदंग व झांजेच्या साथीने म्हटली जाणारी पदे पुष्कळदा आधी कुठेतरी ऐकलेल्या चालींवर बेतलेली असतात. अभंग, नाट्यपद, पुढे चित्रपटगीत असे जे प्रेक्षकाच्या कानात वसलेले असते, तेच राजाच्या किंवा राक्षसाच्या तोंडी येते. याला कोणी चोरी म्हणत नाही, कारण चाल कुठली हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते.

मराठी संगीत नाटकाने हीच रीत छापील पुस्तकात आणली. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’पासून (१८८०) नाटककारांनी कीर्तनातल्या, लावणीतल्या, कर्नाटकातल्या चाली मोकळेपणाने घेतल्या, आणि नाटकाच्या पुस्तकात पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असे लिहून मूळ पदाचे पहिले शब्द देण्याचा प्रघात पडला. गाणाऱ्याच्या सोयीसाठी आलेली ही ओळ नकळत ऋणनिर्देशही करीत होती. नाट्यवाङ्मयाच्या अभ्यासात आपण संहितेच्या उगमाची चौकशी करतोच. ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) हे ब्यर्नसनच्या नाटकाचे रूपांतर आहे, हे सांगितल्याशिवाय त्यावरची चर्चा पुरी होत नाही. चालीच्या बाबतीत मात्र ही शिस्त ध्वनिमुद्रिकेच्या युगात सुटली.

ती कशी सुटली हे पाहायचे तर मालवण-वेंगुर्ल्याच्या धक्क्यांवरून सुटणाऱ्या आगबोटींबरोबर मुंबईला जावे लागते. याच किनाऱ्याने सिंधुदुर्गातला गिरणी कामगार मुंबईला गेला, आणि पलीकडच्या गोव्यातला वादकही. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेले हे वादक हॉटेलांच्या वाद्यवृंदांत पाश्चात्त्य नृत्यसंगीत वाजवीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोलकात्यात अमेरिकन पियानोवादक टेडी वेदरफोर्ड याच्या वाद्यवृंदाने परदेशात गाजलेली अनेक गाणी कोलंबियासाठी ध्वनिमुद्रित केली. मुंबईत आल्डोणे गावचा ट्रंपेटवादक आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, याच वाटेवर होता. अशा तबकडीवर गाण्याचे मूळ नाव असे आणि वाजवणाऱ्या वाद्यवृंदाचेही. ती उघड नक्कल होती आणि तसे म्हणवून घेण्यात तिला संकोच नव्हता.

हेच वादक चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणालाही जात, आणि तेथे व्यवहार बदले. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांचे ‘समाधी’ (१९५०) मधले ‘गोरे गोरे’ हे गाणे ‘डॉल फेस’ (१९४५) या अमेरिकन चित्रपटात कार्मेन मिरांडाने गायिलेल्या ‘चिको चिको’ या गाण्यावर उभे आहे. राजेंद्र कृष्ण यांचे शब्द, लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांचे आवाज व ठेक्याची नवी घडण यांमुळे ते पूर्णपणे इथले झाले. त्यात प्रतिभा नाही असे कोण म्हणेल? परंतु मूळ चाल सांगण्याची रीत चित्रपटात नव्हती, आणि साथीच्या वादकांची नावे देण्याचीही नव्हती. ‘अलबेला’त (१९५१) चिक आणि त्याचे साथीदार पडद्यावर दिसतात, असे दिसणे बहुतेकांच्या वाट्याला आले नाही.

येथे एक विसंगती नजरेत भरते. जिला आपण नक्कल म्हणून कमी लेखतो त्या तबकडीने मूळ गाण्याचे नाव राखले; जिला निर्मिती म्हणून गौरवतो त्या गीताने ते पुसले. दोन्हीकडे वाजवणारे हात पुष्कळदा एकाच समूहातले होते. तेव्हा ‘मौलिक की उसने’ हा आपला नेहमीचा प्रश्न अपुरा पडतो. चालीने प्रवास करणे हा तिचा धर्मच आहे. प्रवासाच्या खुणा पुसल्या जातात तेव्हा अन्याय होतो, आणि तो मूळ रचनाकाराइतकाच वादकावरही होतो. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे नाव १९७७ साली घराघरांत पोचले, तेही त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यातून गुरूचे स्मरण केले म्हणून. त्यांनी वाजवलेली व्हायोलिन त्यापूर्वी कितीतरी वर्षे लोक ऐकतच होते.

कुडाळजवळच्या सोनवडे गावी १९१२ साली जन्मलेले वसंत देसाई यांनी संगीत दिलेला ‘अमर भूपाळी’ (१९५१) या संदर्भात आठवावा. पहाटे घरोघर म्हटली जाणारी भूपाळी रचणारा शाहीर होनाजी त्या चित्रपटाचा नायक आहे. गाणे सर्वांचे झाल्यावरही ते कोणाचे होते हे सांगता येते, आणि सांगितल्याने त्याची गोडी उणी होत नाही.

भारतीय प्रताधिकार कायद्याने १९५७ पासूनच सूचना व मानधन देऊन गाण्याची नवी आवृत्ती काढण्यास वाव ठेवला होता. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटींचा जो पूर आला त्याला या तरतुदीचा मोठा आधार होता. २०१२ च्या दुरुस्तीने अशी आवृत्ती काढण्याआधीची मुदत पाच वर्षांची केली; शिवाय अशा मुद्रणाच्या वेष्टनावर ते आधीच्या गाण्याची आवृत्ती असल्याचे स्पष्ट छापले पाहिजे आणि मूळ गायकाच्या नावाने किंवा चित्राने ग्राहकाची दिशाभूल होता कामा नये, असेही सांगितले. नाटकाच्या पुस्तकातली ‘चाल’ ही ओळ जे स्वेच्छेने करीत होती, ते कायद्याला सक्तीने करावे लागले. मात्र त्या वेष्टनावर व्हायोलिन आणि ट्रंपेट वाजवणाऱ्यांची नावे असावीत, असे या तरतुदीत कुठेही म्हटलेले नाही. संगीताचा इतिहास लिहिणाऱ्याचे काम तेथून सुरू होते.