टर्म न भरता पदवी : जोतीरावांची १८८२ ची एक दुर्लक्षित मागणी

हंटर आयोगापुढे म. जोतीराव फुले यांनी १८८२ साली सादर केलेले निवेदन आपल्या चळवळीत पुष्कळदा उद्धृत केले जाते. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करा, ही त्यातील मागणी शाळकरी मुलांच्या भाषणांतही येते. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हा त्यातील आरोप तर आपल्याला तोंडपाठ आहे. परंतु त्याच निवेदनात उच्च शिक्षणासंबंधी एक लहानसा परिच्छेद आहे, त्याच्यापाशी सहसा कोणी थांबत नाही. कॉलेजात न जाता, खासगी अभ्यास करून परीक्षा देणाऱ्यालाही विद्यापीठाने बी. ए., एम. ए. ची पदवी द्यावी, अशी अपेक्षा जोतीरावांनी तेथे मांडली आहे. आज बहिःस्थ, मुक्त, दूरस्थ अशा नावांनी जे शिक्षण आपल्या मुलामुलींच्या वाट्याला येते, त्याचा विचार करताना हा परिच्छेद पुढ्यात ठेवला पाहिजे, असे मला वाटते.

प्रथम त्या काळची भिंत कशी होती ते पाहू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे हे विद्यापीठ शिकवीत नसे. ते परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकवण्याचे काम संलग्न कॉलेजांचे. गंमत अशी की, ज्या लंडनचे अनुकरण येथे झाले, त्या लंडन विद्यापीठाने १८५८ साली नव्या सनदेने कॉलेजची अटच काढून टाकली. वैद्यक वगळता इतर पदव्यांच्या परीक्षा कोठेही शिकलेल्या माणसाला खुल्या झाल्या. पुढे रॉबेन बेटावरच्या तुरुंगातून नेल्सन मंडेला लंडनच्या कायद्याच्या परीक्षांचा अभ्यास करू शकले, ते याच वाटेने. मुंबईत मात्र मॅट्रिकला खासगी विद्यार्थी बसू शके; पुढच्या परीक्षांना संलग्न कॉलेजात टर्म भरल्याचा दाखला लागे. टर्म भरायची म्हणजे मुंबई-पुण्यासारख्या शहरात राहायचे, फी भरायची, कमाई सोडायची. कुणब्या-माळ्याच्या पोराला हे अवघड होते; अस्पृश्याच्या पोराच्या बाबतीत तर प्रश्नच निराळा. विद्यापीठ निघण्याच्या आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला होता. ज्याला वर्गाच्या उंबऱ्याआत येऊ देत नाहीत, त्याच्या डोक्यातले ज्ञान मोजायचे तर ते वर्गाबाहेरच मोजावे लागणार.

जोतीराव काय म्हणतात? मॅट्रिकसाठी विद्यापीठ खासगी अभ्यासाला मान्यता देते हा लोकांवर उपकार आहे; तोच उपकार वरच्या परीक्षांनाही लागू करावा. नाना कारणांनी अनेकांना कॉलेजात जाऊन शिकणे अशक्य असते. मान्यता मिळाली तर पुष्कळ तरुण स्वतःच्या बळावर अभ्यास करतील आणि ज्ञानाचा प्रसार वाढेल. या मागणीला त्यांनी आणखी एक गोष्ट जोडली आहे, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची. मद्रास आणि बंगालप्रमाणे येथेही मॅट्रिकची पाठ्यपुस्तके सरकारने प्रसिद्ध करावीत, असे ते सांगतात. घरी शिकणाऱ्याला परीक्षेचे दार उघडून दिले, पण हातात पुस्तक दिले नाही, तर ते दार ज्याच्या घरी आधीच पुस्तके आहेत त्याच्यासाठीच उघडते, हे या माणसाने ओळखले होते.

शेवटी जोतीराव एक तिसरा मुद्दा मांडतात. यामुळे उच्च शिक्षणावरचा सरकारी तिजोरीचा भार पुष्कळ हलका होईल. आज हे वाक्य वाचताना मन जरा चरकते. कारण नेमके हेच वाक्य गेली कित्येक वर्षे राज्यकर्त्यांच्या तोंडी आहे. कॉलेजांच्या जागा भरायच्या नाहीत, वसतिगृहे बांधायची नाहीत आणि पोरांना घरी बसून शिका म्हणायचे. पण जोतीरावांचे वाक्य त्या संपूर्ण निवेदनात ठेवून वाचले पाहिजे. वरच्या वर्गांवर उधळला जाणारा पैसा खाली, गावच्या शाळेकडे वळावा, यासाठी ते झगडत होते. आणि सरकारने शाळा-कॉलेजांतून अंग काढून घ्यावे या कल्पनेला तर त्यांनी त्याच निवेदनात स्पष्ट विरोध केला आहे. तसे केल्यास शिक्षणाचा प्रसार खुंटेल आणि त्यातला तटस्थपणाही धोक्यात येईल, असा इशारा दिला आहे. अर्धे वाक्य उचलायचे आणि अर्धे विसरायचे, ही प्रस्थापितांची जुनी खोड आहे. निदान आपण तरी तिला बळी पडू नये.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच प्रश्नाला निराळ्या बाजूने हात घातला. केवळ परीक्षा घेणारे विद्यापीठ हेच त्यांना अपुरे वाटत होते. मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीपुढे १९२४ च्या सुमारास दिलेल्या साक्षीत, शिकवणे आणि संशोधन हे विद्यापीठाचे खरे काम आहे, अशी त्यांची भूमिका दिसते. मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात बोलताना त्यांनी फीचा हिशेबच मांडला. कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी सुमारे ३६ टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या फीमधून वसूल होते, हा शिक्षणाचा व्यापार आहे, असे त्यांनी सरकारला ऐकवले.

पुढे हाती सत्ता आणि साधने येताच त्यांनी काय केले, ते अधिक बोलके आहे. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. तेथे वर्ग सकाळी भरवण्याची व्यवस्था केली गेली, जेणेकरून कचेरीत कारकुनी करणारा तरुण तास आटोपून कामावर जाऊ शकेल. जोतीरावांनी १८५५ साली दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा चालवली होती. तिची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. बाबासाहेबांनी गरिबाला वर्गाबाहेर ठेवून परीक्षेला बसवले नाही. वर्गाचे घड्याळच त्याच्या सोयीने फिरवले. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघाले. त्याच्या आवारात, वसतिगृहाच्या खोल्यांत, वादविवादांत मराठी दलित साहित्याची एक पिढी घडली. ती पिढी टपालाने आलेल्या पुस्तिका वाचून घडली असती काय?

हा प्रश्न मी सहज विचारीत नाही. मी स्वतः बी. ए. बहिःस्थ विद्यार्थी म्हणूनच केले. दिवसा डेपोत तिकिटांचा हिशेब आणि रात्री कंदिलाजवळ इतिहास व राज्यशास्त्र, असा तो क्रम होता. फी परवडण्यासारखी होती, नोकरी सुटली नाही, घरी पैसे जात राहिले. ही वाट नसती तर मी पदवीधर झालोच नसतो, हे निःसंशय. पण तालुक्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो तेव्हा ‘बाहेरच्यांना पुस्तक मिळत नाही’ असे सांगण्यात आले. ‘बाहेरचा’ हा शब्द आमच्या घराण्यात तीन पिढ्या ऐकलेला होता. मग बाजारातली गाइडे आणि अपेक्षित प्रश्नसंच हेच माझे प्राध्यापक झाले. तीन वर्षांत मी कोणाला एक प्रश्न विचारू शकलो नाही आणि कोणी मला विचारला नाही. परीक्षेच्या दिवसांत तेवढे माझ्यासारखेच आणखी पन्नास-साठ जण भेटत. कोणी शिपाई, कोणी ग्रामसेवक, लेकराला आईजवळ ठेवून आलेल्या दोन-तीन बाया. पेपर संपला की जो तो आपल्या गाडीला पळे.

अमेरिकेत ही वाट बरीच पुढे गेलेली दिसते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, सैनिकांसाठी पत्राने शिकवण्याची आणि शिकलेले परीक्षेने तपासण्याची व्यवस्था उभी राहिली. १९६७ मध्ये कॉलेज बोर्डाने ‘क्लेप’ ही परीक्षामालिका काढली. तुम्ही एखादा विषय कोठेही शिकलेला असा. परीक्षा उत्तीर्ण झालात की त्या विषयाची क्रेडिटे मिळतात आणि तेवढी कॉलेजची फी वाचते. १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्याने बहिःस्थ पदवीचा कार्यक्रम सुरू केला, १९७२ मध्ये न्यू जर्सीने प्रौढांसाठी थॉमस एडिसन कॉलेज काढले. बाहेर मिळवलेली क्रेडिटे एकत्र बांधून पदवी देणे, हेच त्यांचे मुख्य काम. तत्त्व उत्तम आहे. परंतु कोणती क्रेडिटे स्वीकारायची आणि किती, हे ज्या-त्या कॉलेजच्या मर्जीवर राहते. आणि त्याच देशात १९४४ च्या कायद्याने लढाईवरून परतलेल्या सैनिकांना फुकट उच्च शिक्षण देऊ केले, तेव्हा दक्षिणेत गोऱ्यांच्या कॉलेजांची दारे काळ्या सैनिकांना बंदच होती आणि त्यांच्या स्वतःच्या कॉलेजांत जागा पुरत नव्हत्या. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतले हे अंतर आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

आपल्याकडे १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, १९७१ मध्ये मुंबई विद्यापीठाने. पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादला निघाले आणि १९९१ मध्ये त्याला बाबासाहेबांचे नाव देण्यात आले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चे. बारावीच्या अलीकडेच शाळा सुटलेल्यांसाठी या विद्यापीठाने पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवला, ही गोष्ट मला पदवीइतकीच मोलाची वाटते. जोतीरावांची मागणी शंभरावर वर्षांनी येथे खऱ्या अर्थाने जमिनीवर आली. मात्र दार उघडणे वेगळे आणि त्या दारातून गेलेल्याला माणूस म्हणून मोजणे वेगळे. पायाभूत पदवी न घेता मुक्त विद्यापीठातून थेट मिळवलेली पदव्युत्तर पदवी नियुक्तीसाठी ग्राह्य नाही, असा निर्णय अण्णामलाई विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला. नियमांच्या दृष्टीने तो बरोबर असेलही. पण ज्यांनी पैसे घेऊन असे प्रवेश दिले त्या विद्यापीठांचे काय गेले? गेली ती उमेदवाराची वर्षे.

२०२१ पासून क्रेडिटांची बँक आली आहे. एका ठिकाणी शिकलेले जमा करायचे, मध्ये शिक्षण सुटले तरी पुन्हा पुढे न्यायचे. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या घरातल्या मुलाला याचा उपयोग होऊ शकेल, हे मी नाकारीत नाही. ‘स्वयं’वरचे पाठ फुकट ऐकता येतात. पण ते ऐकायला घरात एक स्वतंत्र फोन लागतो, अडखळल्यावर विचारायला कोणीतरी लागते, आणि ‘सोडले तरी चालते’ ही सोय गरिबाच्या पोराला, त्याहून अधिक पोरीला, फार लवकर सांगितली जाते. पत्रद्वारा शिकणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना फी आणि पुस्तकभत्ता देण्याची तरतूद भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत होती. माझ्याबरोबर परीक्षेला बसलेल्यांपैकी एकालाही ती ठाऊक नव्हती. आमच्या तालुक्यातले अभ्यासकेंद्र रविवारी एका हायस्कुलात भरते. तेथे संपर्कतासांना प्राध्यापक किती वेळा येतात, संदर्भग्रंथांचे किती संच आहेत आणि ते विद्यार्थ्याला घरी नेऊ देतात की नाही, ही चौकशी आमच्या मंडळाने या वर्षी हाती घेतली आहे. इतर तालुक्यांतील कार्यकर्त्यांनीही ती आपापल्या केंद्रावर करावी आणि आम्हाला कळवावे.