सर्पगंधेचे वकीलपत्र

१९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मुंबईच्या एका डॉक्टरांचा सहा पानांचा लेख छापून आला. विषय होता 'एसेन्शियल हायपरटेन्शन', म्हणजे ज्याचे नेमके कारण सापडत नाही असा उच्च रक्तदाब, आणि त्यावर सर्पगंधेच्या मुळीचा होणारा उपयोग. लेखक होते केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील. त्या वेळी त्यांचे वय होते अडतीस.

वकिलांचा उल्लेख पुष्कळदा 'सर्पगंधेचा शोध लावणारे' असा होतो. मला तो पटत नाही. शोध त्यांचा नव्हता आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. आयुर्वेदाला ही मुळी ठाऊक होती. बिहारकडे तिला 'पागल की दवा' म्हणत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा गुण येतो असे लिहून ठेवले होते. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतून शुद्ध द्रव्ये वेगळी केली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून 'अजमलीन' असे नाव दिले. १९३४ पासून हिमालया कंपनीची 'सर्पिना' ही गोळी दुकानांत मिळत होती. मुळी होती, गोळी होती, गिऱ्हाईकही होते. मग वकिलांनी केले काय? आडनावाला जागून त्यांनी तिचे वकीलपत्र घेतले.

पण हा खटला नेमका कोणासमोर चालला होता, ते आधी पाहायला हवे. त्या काळच्या डॉक्टरांची एक शंका आज चमत्कारिक वाटेल: रक्तदाब उतरवायचाच कशाला? वयाबरोबर रक्तवाहिन्या कडक होतात, त्यांतून रक्त पुढे ढकलायला जादा जोर लागतो, तेव्हा वाढलेला दाब ही शरीराची निकडच आहे, तो उतरवला तर घातच होईल, असे भलेभले मानत. 'एसेन्शियल' या शब्दातच ती निकड बसलेली आहे. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा दाब ३००/१९० नोंदवला गेला. आदल्या वर्षभरात त्यांच्यावर झालेले उपचार म्हणजे विश्रांती, कमी मीठ, गुंगीचे औषध आणि डिजिटॅलिस. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाची ही कथा. त्या दिवशी आपल्याकडे 'सर्पिना' विकली जाऊ लागल्याला अकरा वर्षे झाली होती!

वकील या मुळीवर १९४० पासून मुंबईच्या वैद्यकीय नियतकालिकांत लिहीत होते. १९४९च्या लेखात त्यांनी दोन प्रकारचे पुरावे मांडले. पहिला आकड्यांचा: चार आठवड्यांच्या उपचारांनंतर वरचा दाब सरासरी २१ आणि खालचा सरासरी ११ मिलिमीटरने उतरला. दुसऱ्या पुराव्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, पण मला तोच अधिक बोलका वाटतो. रक्तदाबावर सर्वांत गुणकारी औषध कोणते, असे त्यांनी पन्नास डॉक्टरांना विचारले होते. पन्नासपैकी ४६ जणांनी सर्पगंधेचे नाव घेतले. म्हणजे देशातल्या डॉक्टरांचे मन वळवण्याचे काम आधीच झाले होते. राहिले होते ते लंडन-बोस्टनचे. आणि ते मुंबई-कलकत्त्याच्या नियतकालिकांतून होणारे नव्हते, कारण ती तिकडे कोणी उघडतच नसे. त्याच मुळीवरचा तसाच मजकूर लंडनच्या छापखान्यातून बाहेर पडला आणि पुरावा ठरला. याचा राग यावा की वकिलांच्या व्यवहारज्ञानाचे कौतुक करावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पुढचे सारे भराभर घडले. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून गोळ्या मागवून आपल्या रुग्णांना दिल्या आणि १९५३ साली आपले अनुभव 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केले. दरम्यान १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतले मुख्य द्रव्य, रिसर्पिन, वेगळे केले. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, पाठोपाठ पद्मभूषण. मुळीसाठी जंगले इतकी खणली गेली की पुढे सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले.

दाब उतरवावा की नाही, या मूळ शंकेचा निकाल मात्र १९६७ साली लागला. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस यांनी १४३ पुरुषांची पाहणी केली. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या या लोकांपैकी निम्म्यांना औषध दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. पोकळ गोळीच्या गटात २७ जणांवर गंभीर प्रसंग ओढवले, औषधाच्या गटात फक्त दोघांवर. या औषधात तीन द्रव्ये होती आणि त्यांतले एक रिसर्पिन होते. रक्तदाबावर औषध द्यावेच, हे जगाला पटवणाऱ्या गोळीत आपली मुळी होती, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

आता या खटल्यातला तिसरा पक्षकार, रुग्ण. रिसर्पिन मज्जातंतूंच्या टोकाशी साठलेले नॉरअड्रिनॅलिन हळूहळू रिकामे करते. त्यामुळे गुण यायला दिवस, कधी आठवडे लागतात. ज्याला मुळात काही होत नाही अशा माणसाने ही गोळी रोज घ्यायची, आणि पहिल्या आठवड्यात हाती काय लागते? चोंदलेले नाक आणि झोप. मोठ्या मात्रेत ती काहींना खिन्न करते, हेही पन्नाशीच्या दशकातच लक्षात आले. १९७४ साली स्तनांच्या कर्करोगाशी तिचा संबंध जोडणारे अहवाल आले. पुढच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही, पण नाव गेले ते गेलेच. एके काळी घरोघरी माहीत असलेली रिसर्पिनची 'अडेल्फेन' आज कोणाच्या डब्यात दिसत नाही.

रुग्णाच्या या बाजूशी लोणावळ्याचाही संबंध आहे. इथल्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंद १९२०च्या दशकापासून आसने आणि रक्तदाब यांची मोजमापे घेत होते. १९६९ साली केईएमचे डॉ. के. के. दाते आणि त्यांचे सहकारी यांनी ४७ रुग्णांवर शवासनाचा प्रयोग करून तो प्रसिद्ध केला. सहलेखकांत कैवल्यधामाचे डॉ. विनेकर होते. आधीपासून औषधे घेणाऱ्या गटातील निम्म्याहून अधिक जणांची औषधाची मात्रा शवासनाने सुमारे एक-तृतीयांशावर आली. आली, सुटली नव्हे. आमच्या भागात मात्र हा प्रयोग 'योग केला की गोळी बंद' असाच सांगितला जातो. सांगणाऱ्यांनी तो निबंध एकदा वाचावा.

मी तुंगार्लीत राहतो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी धरणाकडे चढते, तेव्हा औषधाच्या दुकानात हमखास ऐकू येते, "बीपीची गोळी घरीच राहिली, दोन दिवसांपुरत्या द्या." ही माणसे मला आशादायक वाटतात. गोळी चुकली हे त्यांना कळते तरी. बंगल्यांवर राबणारे माळी, राखणदार, स्वयंपाकाच्या बाया यांची गोष्ट वेगळी. ते पाच गोळ्या कापून मागतात. डोके जड झाले की एक घेतात, उतरले की बाकीच्या देवळीत. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण दुखले की औषध आणि थांबले की बंद, हा हिशेब तापाला, खोकल्याला, पोटाला आयुष्यभर बरोबर ठरलेला असतो. रक्तदाबाला तो लागू नाही, हे त्यांना पन्नास डॉक्टरांची मते दाखवून पटणार नाही.

२०१७ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या साह्याने रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात आरंभी त्यात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे होते. त्यात औषध कोणते, यावर फारसा वाद नाही. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन अशी दोन-तीन जुनी, स्वस्त नावे ठरलेली आहेत. भर आहे तो महिनाभराच्या गोळ्या घराजवळच्या केंद्रात फुकट देण्यावर, प्रत्येकाचे कार्ड ठेवण्यावर आणि तारखेला न आलेल्याला शोधून काढण्यावर. फोन करणाऱ्या परिचारिकेला पलीकडून बहुतेकदा एकच उत्तर मिळते, "आता बरं वाटतंय की ताई."