पारध (कोकण)

पारध म्हणजे गावकऱ्यांनी एकत्र येऊन केलेली रानातील शिकार. रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यासह दक्षिण कोकणात ती पूर्वी प्रचलित होती. आज तो कायद्याने गुन्हा आहे.

हाकारे आरडाओरडा करीत, डबे बडवीत रान उठवीत. भेकर, सांबर किंवा रानडुक्कर घळीतून अथवा पऱ्याच्या काठाने बाहेर पडताच दबा धरून बसलेले बंदूकधारी नेम धरीत. हाकाऱ्यांत वडीलधाऱ्यांबरोबर मुलगेही असत. वाऱ्याची दिशा आणि पायठसे ओळखणे ते तेथेच शिकत.

मुंबई राज्याच्या १९५१ च्या अधिनियमानुसार शिकारीसाठी परवाना मिळे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने छंदासाठीच्या शिकारीचे परवाने संपुष्टात आले. या अधिनियमात प्राण्यास हाकणे, आमिष दाखवणे आणि तसा प्रयत्न करणे हीदेखील शिकारच होय. साहजिकच, हाती शस्त्र नसलेला हाकाराही तीत मोडतो. शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख आहे. जमीन सरकारी की खाजगी, याने फरक पडत नाही.

रानडुकरांकडून होणारी भातशेतीची नासाडी मात्र खरी आहे. उभ्या पिकास धोकादायक ठरलेल्या ठरावीक प्राण्यांना मारण्याची परवानगी कलम ११ नुसार सक्षम वनाधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच मिळते. शेतीसंरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना म्हणजे ही परवानगी नव्हे. या दोहोंची गल्लत अनेकदा होते. शिवाय नेमबाजी प्रशिक्षणाचा अपवाद वगळता, २१ वर्षांखालील व्यक्तीस बंदूक बाळगता येत नाही. अशा आदेशान्वये मारलेला प्राणीही शेतकऱ्याचा नव्हे, शासनाची मालमत्ता ठरतो.