लेखन-मार्गदर्शन, विद्यार्थ्यांचे

विद्यार्थ्याला स्वतःचा मजकूर सुचावा, मांडता यावा, तपासता यावा यासाठी एकेकट्याला किंवा लहान गटात केलेली मदत. फळ्यावरचा निबंध उतरवून घेणे किंवा सुलेखन गिरवणे म्हणजे लेखन-मार्गदर्शन नव्हे. शिक्षकाने वही दुरुस्त करून दिली तर तेवढा निबंध सुधारतो. दुरुस्ती शोधायला शिकवले तर मूल लिहिते होते.

पार्श्वभूमी : फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२०च्या दशकात मुलांचा मजकूर शाळेतच छापायला सुरुवात केली. न्यूझीलंडच्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी माओरी मुलांच्या तोंडच्या शब्दांवरून वाचन-लेखन शिकवले. त्यांचे ‘टीचर’ हे पुस्तक १९६३ मध्ये आले. मदत मजकुराला नव्हे, लिहिणाऱ्याला करायची असते, ही मांडणी अमेरिकेतील स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ मध्ये केली. महाराष्ट्रात लीलाताई पाटील यांनी कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयात (स्थापना १९८५) मुलांच्या अनुभवाला शिक्षणात मध्यवर्ती स्थान दिले, तर मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणमध्ये मराठी वाचन-लेखनाच्या पद्धतीवर दीर्घकाळ काम केले.

सिंदेवाही परिसर : चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुका धानाचा आणि जंगलाचा. येथे घराघरांत झाडीबोली बोलली जाते. गडचिरोलीकडे गोंडी व माडिया बोलणारी मुलेही वर्गात असतात. झाडीबोलीत ण, ळ, श यांच्या जागी बहुधा न, र, स येतात. ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘डोळा’चे ‘डोरा’ लिहिणारे मूल निष्काळजी नसते. ते कानाशी इमान राखून लिहीत असते. अशा वहीवर पहिल्याच दिवशी लाल शाई फिरली की मूल ज्या शब्दांची खात्री आहे तेवढेच वापरू लागते, आणि लेखन चार कोरड्या वाक्यांवर येते. म्हणून बोलीचे रूप आणि खरी चूक यांत फरक करणे ही येथील मार्गदर्शकाची पहिली जबाबदारी आहे. भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाची शाळा १९७६ मध्ये सुरू झाली. माडिया मुलांना मराठीपर्यंत नेताना घरची भाषा आधाराला घ्यावी लागते, हा धडा या भागाने जवळून पाहिला आहे.

पद्धती : (१) आधी बोलणे. विषय मुलाच्या जगण्यातला असावा : रोवणी (धानाची लावणी), मोहफुले वेचणे, तेंदूपत्त्याचा हंगाम, मंडईतले (गावच्या जत्रेतले) नाटक. (२) मजकूर आधी, शुद्धलेखन नंतर. समजा, मुलाने धानाच्या बांदीबद्दल (खाचराबद्दल) लिहिले, ‘आमच्या बांदीत रोवना झाला. मजा आली.’ मार्गदर्शकाने विचारावे : पऱ्हे (धानाची रोपे) कोणी उपटले? चिखलात पाय रुतला तेव्हा काय झाले? शिदोरीत काय होते? उत्तरे मूल तोंडाने देते. तीच त्याने लिहावीत. दोन वाक्यांचा परिच्छेद होतो आणि ‘मजा’ कशात होती हे वाचणाऱ्याला दिसते. (३) मोठ्याने वाचणे. तुटलेले वाक्य आणि सुटलेला शब्द मुलाला स्वतःच ऐकू येतो. (४) एका वेळी एकच दुरुस्ती. या आठवड्यात पूर्णविराम, पुढच्या आठवड्यात ‘ण’ आणि ‘न’. प्रमाणरूप शेजारी लिहून द्यावे, बोलीरूप खोडू नये. (५) लेखणी मुलाच्याच हाती. मार्गदर्शकाने वाक्य रचून देऊ नये. दोन पर्याय सुचवून निवड मुलावर सोडावी. (६) खरा वाचक. भित्तिपत्रक, हस्तलिखित, किंवा बालभारतीचे १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक. कोणी वाचणार आहे हे कळले की मूल आपणहून दुसरा खर्डा करते.

मर्यादा : एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असल्या की प्रत्येकाजवळ बसणे शक्य होत नाही. अशा वेळी जोडीने वाचन घ्यावे व रोज थोड्याच वह्या, पण नीट पाहाव्यात. परीक्षेसाठी प्रमाण मराठी यावीच लागते. तिचा आग्रह सोडणे म्हणजे मुलांचे नुकसान करणे होय. मात्र ती बोलीच्या जागी नव्हे, बोलीच्या जोडीला आली पाहिजे. प्रगती मोजताना चुकांच्या संख्येपेक्षा पहिला आणि दुसरा खर्डा शेजारी ठेवून मुलाने स्वतः काय बदलले, हे पाहावे.