सिंथसायझर, डिजिटल : अनुकरणाद्वारे पुनर्निर्मिती

जुन्या डिजिटल सिंथसायझरातील प्रोसेसर, स्मृती व ध्वनिचिपा यांचे व्यापार संगणकावर हुबेहूब वठवून, त्या वाद्याची मूळ आज्ञावलीच तेथे चालविण्याची पद्धती. वाद्याचे सूर मुद्रित करून ते कळीगणिक वाजविण्याच्या रीतीहून ही मूलतः भिन्न होय; कारण येथे नाद साठविलेला नसून नाद उत्पन्न करणारे यंत्रच, त्याच्या गुणदोषांसकट, पुन्हा उभे केलेले असते.

या पद्धतीचे प्रमुख साधन ‘मेम’. नाणे टाकून खेळावयाच्या आर्केड-यंत्रांच्या जतनार्थ इटलीचे निकोला साल्मोरिया यांनी ते फेब्रुवारी 1997 मध्ये प्रसिद्ध केले. 2016 पासून त्याची मूळ संहिता मुक्त परवान्याखाली सर्वांस खुली आहे. खेळासाठी रचलेल्या आज्ञावलीने वाद्यांच्या प्रांतात शिरावे याचे नवल वाटते खरे, परंतु टायटो कंपनीच्या एफ-3 या आर्केड-यंत्राचा ध्वनिविभाग उघडून पाहिला म्हणजे मोटोरोला 68000 हा प्रोसेसर, एन्सोनिकची ईएस-5505 ही ध्वनिचिप आणि नादावर प्रतिध्वनी आदी संस्कार करणारी ईएस-5510, असा जो सरंजाम तेथे आढळतो, तोच एन्सोनिकच्या व्हीएफएक्स (1989) या वाद्यातही आहे. खेळातले आवाज बिनचूक उमटावेत म्हणून घेतलेले श्रम वाद्याच्याही कामी आले. कॅसिओच्या सीझेड-101 (1984) या छोट्या कळींच्या वाद्याचेही अनुकरण मेममध्ये झाले आहे.

जॉन चाउनिंग यांच्या 1967 मधील एफएम (कंप्रता-विरूपण) नादनिर्मितीच्या शोधावर आधारलेल्या यामाहा डीएक्स-7 (1983) या सोळा स्वर एकाच वेळी उमटविणाऱ्या वाद्याच्या ध्वनिचिपेची सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेऊन केन शिरिफ यांनी 2021 मध्ये तिच्या पोटातील गणितकोष्टके वाचली. अशा चिकाटीवाचून अस्सल अनुकरण संभवत नाही.

सिंथसायझरांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात ठाण मांडले. ‘त्रिदेव’ (1989) मधील विजू शहा यांचे वादन त्याची साक्ष देते. तोच नाद ऑर्केस्ट्रा व वरातीतल्या बँजो पार्ट्यांच्या कीबोर्डांवरून वाशीमसारख्या जिल्ह्याच्या गावोगावी पोहोचला. आपल्या लोकसंगीताच्या अभ्यासकांनी या यंत्रांची फारशी दखल घेतलेली दिसत नाही, ही मोठी उणीव होय. रिसोड वा कारंजा येथील होतकरू वादकास मूळ वाद्य मिळणे दुरापास्त असले, तरी अशा अनुकरणाच्या साहाय्याने बऱ्यापैकी लॅपटॉप व मिडी (वाद्ये व संगणक जोडणारा संकेत) कीबोर्ड यांवर त्याचा नाद हाताखाली येऊ शकतो.

कायद्याची बाजू ध्यानी ठेवावी. 1957 च्या कॉपीराइट अधिनियमान्वये संगणकीय आज्ञावली साहित्यकृतीत गणली जाते. आपल्याकडील प्रतीच्या नाशापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत काढण्याची मुभा कलम 52 ने कायदेशीर कब्जेदारास दिली आहे, परक्याच्या रॉमची (वाद्याची मूळ आज्ञावली साठविलेल्या स्मृतिचिपेची) नक्कल उतरविण्यास ती लागू नाही.

डीएक्स-7 मधील नादरचना आतील लहानशा लिथियम बॅटरीच्या बळावर टिकतात आणि ती संपताच वादकाने स्वतः घडविलेले बत्तीस नाद पुसले जातात. त्या सर्वांची नोंद अवघ्या 4096 बाइटांत मावते, व मिडी तारेने संगणकावर उतरविता येते. मोडलेल्या ऑर्केस्ट्राचे असे वाद्य ज्यांच्या घरी पडून असेल, त्यांनी ते भंगारात घालण्यापूर्वी एवढे काम अवश्य करून घ्यावे.