अर्धशक्तीचा व्यायाम

आमच्या वऱ्हाडांत व्यायाम म्हटला कीं आखाडा डोळ्यांपुढें उभा राहतो. अमरावतीस १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केलें. त्याच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं भारतीय खेळ करून दाखविले. आम्हां यवतमाळकर शेजाऱ्यांसही त्याचा अभिमान वाटतो. परंतु आखाड्याबरोबर एक समजूतही रूढ झाली, ती ही, कीं जितके जोर अधिक तितका गुण अधिक. ज्याचें अंग आधींच ठणकत आहे त्यास ही समजूत महागांत पडते.

सर्वांगास महिनोन्‌महिने ठणका, झोंपेनेंही न उतरणारा थकवा, आणि रक्ताची तपासणी मात्र निर्दोष, अशा विकारास आज फायब्रोमायाल्जिया म्हणतात. स्त्रियांत तो अधिक आढळतो. दुखणें जुनें, नांव नवें. १९०४ सालीं लंडनच्या डॉ. गॉवर्स यांनीं कंबरदुखीवरील व्याख्यानांत ‘फायब्रोसायटिस’ हा शब्द योजिला. तंतूंना दाह होतो असा त्यांचा तर्क होता. तो दाह सिद्ध झाला नाहीं. १९७६ सालीं आजचें नांव पुढें आलें, आणि १९९० सालीं अमेरिकेंतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेनें निदानाचे नियम ठरविले. तोंपर्यंत, आणि खरें म्हणजे त्यानंतरही, कित्येक रुग्णांस ‘हे मनाचे खेळ’ एवढेंच ऐकावें लागलें.

आतां व्यायामाच्या मापाकडे वळूं. सुश्रुतानें व्यायामाची मर्यादा अर्ध्या बळावर ठेविली, आणि खूणही सांगितली: श्वास तोंडावाटे येऊं लागला कीं अर्धें बळ सरलें असें समजावें. वाग्भटही अर्धशक्तीच सांगतो. तीही बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यांस, थंडींत व वसंतांत. आमचे कांहीं अभिमानी मित्र लगेच म्हणतील कीं सर्व कांहीं आपल्या ग्रंथांत होतेंच. तसें नाहीं. वातपित्ताच्या रोग्यानें व्यायाम वर्ज्य करावा, असें वाग्भट त्याच ठिकाणीं सांगतो; आणि अंगदुखी आयुर्वेदांत बहुधा वाताकडेच मोडते.

रोग्यानेंही व्यायाम करावा हें प्रयोगांनीं दाखविलें. १९८८ सालीं कॅनडांत मॅकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ४२ रुग्णांच्या दोन तुकड्या केल्या. २० आठवडे एकीस हृदयाचे ठोके वाढविणारी मेहनत दिली, दुसरीस नुसतें अंग ताणण्याचे प्रकार. मेहनतीची तुकडी सरस ठरली. मग आखाड्याचीच समजूत खरी काय? २००२ सालीं नेदरलंड्समध्यें व्हॅन सान्तेन यांनीं तीव्र व सौम्य मेहनत समोरासमोर ठेविली. तीव्र मेहनतीनें दमसास थोडा वाढला, किंचित् बरेंही वाटलें. एकंदर प्रकृति व मनःस्थिति यांत मात्र अधिक लाभ दिसला नाहीं.

त्याच वर्षीं इंग्लंडांत रिचर्ड्स व स्कॉट यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला, तो मला अधिक मोलाचा वाटतो. त्यांनीं चालणें व सायकल यांचा आरंभ सहा सहा मिनिटांच्या दोन खेपांनीं केला आणि बारा आठवड्यांत प्रत्येक खेप पंचवीस मिनिटांवर नेली. माप कोणतें? थोडा घाम यावा, पण पूर्ण वाक्य सहज बोलतां यावें. सुश्रुताची श्वासाची खूण येथें निराळ्या वाटेनें पुन्हां भेटते, आणि तीही रोग्यासाठीं! तीन महिन्यांनीं ६९ पैकीं २४ जणांनीं पुष्कळ बरें असल्याचें सांगितलें. अंग सैल सोडण्याचें शिक्षण घेतलेल्या ६७ पैकीं १२ जणांनीं. दोन्ही मिळून शंभर जणांस तसें वाटलें नाहीं, हेंही विसरून चालणार नाहीं.

आमच्या जिल्ह्यांत कापूस वेचणाऱ्या बाईस व्यायाम सांगितला तर ती हंसेल. दिवसभर ती वाकलेलीच असते. पण ते श्रम होत, व्यायाम नव्हे. व्यायामांत श्वास चढला कीं थांबतां येतें. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. तेथें अर्ध्या बळावर थांबणें तिच्या हातीं नसतें.